फुगे म्हणजे वाट नव्हे

बऱ्याच दिवसांत इथे काही खरडलं नाही. कारणं नेहमीचीच: कामाचा ढीग आणि आळस, दोन्ही भरपूर. पण गेले काही महिने एक गोष्ट डोक्यात घोळते आहे आणि ती बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचेल असं दिसत नाही. तेव्हा आज जरा भांडायचा मूड आहे. नातेवाईक मंडळींनी घाबरू नये, भांडण घरातलं नाही :) भांडण आहे ते माझ्या धंद्यातल्या एका सवयीशी.

माझा धंदा म्हणजे संगणकावर वीज वाहवून बघणे. दोन धातूंच्या टोकांमध्ये एखादा रेणू, कधी नुसता एक अणू अडकवायचा आणि त्यातून इलेक्ट्रॉन कितपत सहज पलीकडे जातात याचं गणित मांडायचं. गणिताच्या शेवटी प्रोग्रॅम दोन गोष्टी हातात ठेवतो. एक आलेख, कुठल्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनला पलीकडे जायची किती संधी आहे ते सांगणारा. आणि एक चित्र, अणूंच्या सांगाड्यावर चढवलेले लाल-निळे फुगे. या चित्राचं भारदस्त नाव आहे ट्रान्समिशन आयगेनस्टेट.

फुगे बिचारे निरुपद्रवी आहेत. माझा राग आहे तो फुगे दाखवून "बघा, इलेक्ट्रॉन इथून जातो" असं म्हणणाऱ्यांवर. आणि असं म्हणणारे थोडेथोडके नाहीत. पेपरांमध्ये, भाषणांमध्ये, प्रबंधांमध्ये हे वाक्य इतक्या सहज येतं की त्यात काही बिघाड असेल अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही.

आधी थोडी ओळख करून देते, कारण हे वाचणाऱ्यांत निम्मे माझे आप्त आहेत आणि उरलेल्यांपैकी बरेचजण कविता, पाककृती आणि प्रवासवर्णनं लिहिणारे. (सॉफ्टवेअरवाले आहेतच, ते कुठे नसतात?)

नळातून पाणी वाहतं तसे तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात असं आपण शाळेत शिकतो. तार जाड असेल तोवर हे खपून जातं. तार बारीक करत करत अणूएवढी केली की मात्र इलेक्ट्रॉनचं लाटेसारखं वागणं लपत नाही. लाट अडथळ्यावर आपटली की काही भाग पलीकडे जातो, काही परत फिरतो. १९५७ साली आयबीएममधल्या रॉल्फ लांडावर यांनी वाहकतेचा संबंध थेट या पलीकडे जाण्याच्या संधीशी जोडला. ऐंशीच्या दशकात बरीच वादावादी होऊन त्या सूत्राला आजचं रूप आलं. त्यानुसार एका चॅनेलमधून, म्हणजे लाटेच्या एका मार्गातून, जास्तीत जास्त वाहकता ठरलेली: सुमारे ७७.५ मायक्रोसीमेन्स. उलटून सांगायचं तर १२.९ किलोओहम रोध. तार कितीही निर्दोष असो, एका चॅनेलला याहून कमी रोध मिळत नाही. १९८८ साली नेदरलंड्समध्ये बार्ट व्हान वेस आणि सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी केंब्रिजमधल्या एका गटाने, अर्धवाहकातली अरुंद खिंड हळूहळू रुंद करत नेली, तेव्हा वाहकता सरळ रेषेत न वाढता जिन्याच्या पायऱ्यांसारखी वाढली. प्रत्येक पायरी एवढ्याच उंचीची. कागदावरचा चॅनेल प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसला तो असा.

इथवर सगळं छान आहे. आता पुढची पायरी.

धातूच्या डाव्या टोकात इलेक्ट्रॉनला यायचे मार्ग पुष्कळ असतात, समजा पन्नास. उजव्या टोकात जायचे मार्गही पन्नास. मधे एक चिमुकला रेणू. डावीकडच्या तिसऱ्या मार्गाने आलेली लाट रेणूतून जाताना विस्कटते आणि उजवीकडच्या पन्नासही मार्गांत थोडी थोडी सांडते, उरलेली परत येते. चौथ्या मार्गाचंही तेच. म्हणजे पन्नास गुणिले पन्नास, अडीच हजार आकड्यांचा नुसता गुंता. मग प्रश्न असा विचारायचा: डावीकडच्या पन्नास मार्गांचं असं एखादं मिश्रण करता येईल का, की त्याचं पलीकडे जे काही पोचेल ते दुसऱ्या कुठल्याही मिश्रणाच्या पलीकडच्या भागात मिसळणार नाही? उत्तर आहे, नेहमीच येतं. ही गणिताची हमी आहे. असं केलं की अडीच हजार आकड्यांच्या जागी फक्त पन्नास आकडे उरतात, प्रत्येक शून्य ते एकच्या मधला. त्यातले बहुतेक इतके लहान असतात की सोडून द्यावेत. एखाद-दुसरा, फार तर चार-पाच, मोठे. या आकड्यांची बेरीज केली की एकूण वाहकता मिळते. आणि अशा एका मिश्रणाने मधल्या भागात उमटवलेली लाट, तिचं चित्र म्हणजे ट्रान्समिशन आयगेनस्टेट.

आता 'आयगेन' या शब्दाकडे या. जर्मन शब्द आहे, अर्थ 'स्वतःचा'. मग माझा पहिला प्रश्न: कुणाचा स्वतःचा? रेणूचा? नाही. रेणूच्या स्वतःच्या ज्या पातळ्या असतात त्या एकट्या, बंद खोलीत बसलेल्या रेणूच्या. इथे खोलीची दोन्ही दारं सताड उघडी आहेत. ही लाट 'स्वतःची' आहे ती त्या पन्नास बाय पन्नासच्या कोष्टकाची, म्हणजे पलीकडे जाण्याच्या क्रियेची. त्यात डावं टोक आलं, उजवं टोक आलं, रेणू त्यांना कुठे चिकटलाय ते आलं, निवडलेली ऊर्जा आली. यातलं काहीही बदला, लाट बदलते. तरीसुद्धा ही चित्रं रेणूच्या पातळ्यांच्या चित्रांशेजारी ठेवून "बघा, तीच पातळी वीज वाहून नेते आहे" असं सांगितलं जातं. कधीकधी ते खरं असतंही. पण नावातल्या साम्यावरून ते खरं ठरत नाही, ते दाखवावं लागतं. आडनाव एक म्हणून माणूस भाऊबंद होत नाही, कुळ-गोत्र विचारावं लागतं :)

दुसरा प्रश्न फुग्यांच्या आकाराचा. फुगा मोठा म्हणजे तिथून वीज जास्त जाते असं चित्र बघणाऱ्याला वाटतं. सांगणाऱ्यालाही वाटतं, हे जास्त गंभीर. पुणेकरांना यातला घोटाळा लगेच कळेल. पावसाळ्यात पेपरात रोज दोन आकडे येतात: खडकवासला साखळीतला साठा किती टीएमसी, आणि नदीत विसर्ग किती क्युसेक. धरण काठोकाठ भरलेलं असून विसर्ग शून्य असू शकतो, आणि साठा बेताचा असून नदी दुथडी वाहू शकते. फुगा साठा दाखवतो. आपल्याला हवा आहे विसर्ग.

लाटेच्या भाषेत विसर्ग कशावर ठरतो? नुसत्या उंचीवर नाही. लाटेला उंचीसोबत एक फेज असते, घड्याळाच्या काट्यासारखी. एका जागेवरून शेजारच्या जागेवर गेलं की तो काटा किती फिरतो, यावर प्रवाह ठरतो. काटा जागच्या जागी असेल तर लाट कितीही उंच असो, तिथून निव्वळ प्रवाह शून्य. बऱ्याच चित्रांत लाटेचा फक्त वास्तव भाग काढून लाल म्हणजे अधिक, निळा म्हणजे उणे असं रंगवतात आणि काल्पनिक भाग खुशाल टाकून देतात. म्हणजे ज्या गोष्टीवर प्रवाह अवलंबून आहे नेमकी तीच चित्रातून गायब! साठ्याचा फोटो काढायचा, दरवाजे झाकून ठेवायचे, आणि खाली लिहायचं, 'नदीचा मार्ग'.

एक आकडेमोड करून बघा, वही-पेन्सिलीने होते. समजा चॅनेलची संधी ०.०१ आहे, म्हणजे शंभरात एक. डावीकडून एक उंचीची लाट येते. नव्व्याण्णव टक्के परत फिरते, म्हणजे परतणाऱ्या लाटेची उंची ०.९९ चं वर्गमूळ, सुमारे ०.९९५. येणारी आणि जाणारी लाट एकमेकींवर चढतात आणि डावीकडे कुठे ०.००५ तर कुठे जवळजवळ २ अशी उंची होते. उजवीकडे पोचते ती ०.०१ चं वर्गमूळ, म्हणजे ०.१ उंचीची. आता फुगा काढायचा उंबरठा ठेवा ०.५. डावीकडे फुगेच फुगे, उजवीकडे शुकशुकाट. बघणारा म्हणणार, "अरे वा, इलेक्ट्रॉन डावीकडे अडकून बसलाय, त्या अमुक गटावर." पण निव्वळ प्रवाह? डावीकडे १ आला, ०.९९ परत गेला, उरला ०.०१. उजवीकडे गेला ०.०१. दोन्हीकडे तेवढाच! तसा तो असायलाच हवा, वाटेत इलेक्ट्रॉन कुठे हरवत नाहीत. डावीकडचे फुगे हे परत फिरणाऱ्या लाटेचे फुगे आहेत. आणि याच्या उलट, संधी पूर्ण १ असेल तर परतणारी लाटच नाही, म्हणून (अणूंमुळे येणारे उंचवटे सोडले तर) उंची सगळीकडे सारखी, फक्त फेजचा काटा संथपणे फिरत जातो. म्हणजे ज्या चॅनेलमधून वीज सगळ्यात उत्तम वाहते त्याचं चित्र सगळ्यात कंटाळवाणं. सुंदर, गरगरीत, वेगवेगळे फुगे दिसले की समजावं, इथे बरीच लाट परत फिरते आहे.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्याला उत्तर द्यायला उभं राहिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. वर मी सगळं डावीकडून सुरू केलं. उजवीकडून सुरू केलं तर? दोन टोकांच्या रचनेत संधीचे आकडे तेच्या तेच येतात, एकही बदलत नाही. पण चित्र बदलतं. आता फुगे उजवीकडे जमा होतात आणि डावी बाजू ओस पडते. आकडे तेच, वाहकता तीच, चित्रं दोन. फुगे जर इलेक्ट्रॉनची वाट दाखवत असतील तर यातली खरी वाट कुठली?

पुढचा प्रश्न सारख्या आकड्यांचा. दोन चॅनेलच्या संधी अगदी समान असल्या तर त्यांची चित्रं एकमेव राहत नाहीत. दोघांचं कुठलंही योग्य मिश्रण तितकंच बरोबर असतं. निर्दोष धातूगुणी कार्बन नॅनोट्यूब घ्या. फर्मी ऊर्जेजवळ तिच्यात दोन चॅनेल, दोघांची संधी १. प्रोग्रॅम दोन चित्रं काढून देईल. उद्या दुसऱ्या मशीनवर चालवा, निराळी दोन देईल. दोन्ही जोड्या बरोबर. अशा वेळी एक चित्र उचलून "पहिला चॅनेल नळीच्या या बाजूने जातो" असं म्हणणं म्हणजे पृथ्वीगोलावर काढलेल्या रेघा जमिनीवर शोधायला जाणं.

पाचवा मुद्दा सगळ्यांना ठाऊक असतो आणि सगळे विसरतात. ही लाट येते कुठून? बहुतेक वेळा डीएफटी नावाच्या पद्धतीतून. ती पद्धत पदार्थाची ऊर्जा, रचना वगैरेंसाठी उत्तम, पण रेणूच्या भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधलं अंतर तिच्या नेहमीच्या रूपांमध्ये कमी येतं. पातळ्या फर्मी ऊर्जेच्या जवळ सरकतात आणि वाहकता फुगते. २००७ साली छापून आलेल्या एका कामात सोन्याच्या टोकांमधल्या बेंझीनडायअमाइनची मोजलेली वाहकता होती एका चॅनेलच्या कमालीच्या ०.००६४ पट, आणि साध्या डीएफटीने ती आली ०.०४६ पट. सातपट! पातळ्यांच्या जागा दुरुस्त केल्यावर आकडे जुळले. आता सांगा, ज्या लाटेने आकडा सातपट चुकवला तिच्या एका फुग्याच्या टोकावर रसायनशास्त्राचा निष्कर्ष टांगायचा?

तुम्ही म्हणाल, एवढं रागवायला काय झालं? चित्र आहे, सोडून दे. आमच्या आत्याने तर एकदा माझ्या संगणकावरचे फुगे बघून सरळ विचारलं होतं, "किती सुरेख आहे गं! फोटो कोणी काढला?" मी म्हटलं, "कोणी नाही, गणित आहे." त्यावर ती म्हणाली, "मग तिथे तसंच आहे हे कशावरून?" आत्याचं शिक्षण जुनी मॅट्रिक. मी सांगते तुम्हाला, हा प्रश्न मी भल्याभल्या परिषदांमध्ये ऐकलेला नाही.

राग यायचं कारण सांगते. माझ्या माहितीतल्या एका गटात (नाव गाव काही सांगत नाही) एका रेणूचा असा फोटो, म्हणजे चित्र, काढलं गेलं. फर्मी ऊर्जेला, डावीकडून. डाव्या टोकाजवळच्या एका उपशाखेवर हा एवढा फुगा. निष्कर्ष: वीज त्या उपशाखेतून जाते, ती बदलली की वाहकता बदलेल. बैठकीत मी विचारलं, उजवीकडून काढलंय का? फेज बघितली का? उत्तर मिळालं, चित्र पुरेसं स्पष्ट आहे. मग रसायनवाल्या गटातल्या एका मुलाने ती उपशाखा बदललेला रेणू बनवायला घेतला. पीएचडीचं तिसरं वर्ष. आठ महिने गेले. रेणू बनला, शुद्ध झाला, मोजला. वाहकता होती तिथेच, मोजमापांच्या नेहमीच्या पसाऱ्याच्या आत. मागाहून प्रवाह काढून बघितला तेव्हा त्या उपशाखेतून निव्वळ काहीच जात नव्हतं. लाट तिथे शिरत होती आणि तशीच बाहेर पडत होती. काटा जागच्या जागी. ज्यांनी चित्र काढलं त्यांचा पेपर तोवर छापून आला होता. त्या मुलाचे आठ महिने कुठल्याही पेपरात नाहीत. शिष्यवृत्तीला मुदत असते, घरून "कधी संपणार?" म्हणून फोन येत असतात, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

म्हणून म्हणते, सोडून देण्यासारखं हे नाही. चुकीच्या आकड्याला कुणीतरी आव्हान देतं. चुकीच्या चित्राला कुणी देत नाही, कारण ते बघितल्याबरोबर 'कळल्यासारखं' वाटतं.

आता समोरच्या बाजूचे युक्तिवाद. पहिला: "रसायनशास्त्राच्या लोकांना चित्राशिवाय समजत नाही." हा त्या लोकांचा अपमान आहे. अख्खे वुडवर्ड-हॉफमन नियम लाटेच्या अधिक-उणे चिन्हांवर उभे आहेत, १९६५ पासून. रोआल्ड हॉफमन यांना १९८१ साली केनिची फुकुई यांच्यासोबत नोबेल मिळालं ते अशाच विचारांसाठी. फेज म्हणजे काय हे रसायनवाल्यांना आपल्याइतकंच कळतं. फेज टाकून चित्र आपण देतो आणि वर त्यांनाच नावं ठेवतो.

दुसरा युक्तिवाद अगदी उलट्या बाजूने येतो: "मग चित्रं बंदच करा. एकूण आकडा द्या आणि गप्प बसा." यांच्याशीही माझं जमत नाही. कारण एकूण आकडासुद्धा कमी लबाड नसतो. अॅल्युमिनियमच्या एका अणूच्या जोडाची वाहकता साधारण ०.८ चॅनेलइतकी येते. एकाहून कमी, म्हणजे एकच चॅनेल असणार, असं कुणालाही वाटेल. १९९७-९८ मध्ये एल्के शीर आणि सहकाऱ्यांनी अतिवाहक अवस्थेतल्या धातूंच्या एक-अणू जोडांवर प्रयोग करून बेरजेमागचे सुटे आकडे बाहेर काढले. अॅल्युमिनियममध्ये तीन चॅनेल निघाले, प्रत्येक अर्धवट उघडा. सोन्यात एक. नायोबियममध्ये पाच. मधल्या अणूच्या संयुजा कक्षा ठरवतात चॅनेल किती ते. सोन्याला एस कक्षा, म्हणून एक. अॅल्युमिनियमला एस आणि पी, म्हणून तीन. त्या एका अणूचं रसायनशास्त्र विजेच्या मोजमापात उमटलं. मला अजूनही ते वाचताना अंगावर काटा येतो.

आणखी एक वाट आहे, प्रवाहातल्या खरखरीची, जिला शॉट नॉइज म्हणतात. एकूण बेरीज १ आहे. ती एका पूर्ण उघड्या चॅनेलची असेल तर ही खरखर शून्य. ०.५ आणि ०.५ अशा दोघांची असेल तर कमाल खरखरीच्या निम्मी. ०.७, ०.२ आणि ०.१ अशी असेल तर ०.४६ पट. बेरीज तीच, खरखर वेगळी. २००६ साली लायडनमध्ये प्लॅटिनमच्या टोकांमध्ये ड्युटेरियमचा रेणू अडकवून ही खरखर मोजली गेली आणि वीज जवळजवळ एकाच चॅनेलमधून जाते हे दिसलं. म्हणजे आयगेन-आकडे ही नुसती कागदी सोय नाही, ते मोजता येतात. माझं भांडण आकड्यांशी नाही, हे लक्षात आलं असेलच. आकडे सच्चे आहेत. चित्र त्या आकड्यांचं ओळखपत्र आहे. या चॅनेलची सममिती कुठली, एस जातीचा की पी जातीचा, गाठी कुठे आहेत, हे चित्रातून उत्तम कळतं. अॅल्युमिनियमचे तीन चॅनेल ओळखताना चित्र खरंच कामाला येतं. पण ओळखपत्रावरचा फोटो बघून माणूस कुठल्या रस्त्याने घरी गेला हे सांगता येत नाही.

तिसरा युक्तिवाद जरा वजनदार आहे. "वाट हा शब्दच क्वांटममध्ये निरर्थक, मग तू कुठली वाट शोधतेस?" बरोबर, गोळीसारख्या इलेक्ट्रॉनची वाट नसतेच. पण प्रवाहाची घनता ही नीट व्याख्या असलेली गोष्ट आहे आणि एका अणूवरून शेजारच्या अणूवर किती प्रवाह जातो हे काढता येतं. २०१० साली जेम्मा सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी रेणूंमधले असे स्थानिक प्रवाह काढून दाखवले. त्यात दिसलं की प्रवाह नेहमी बंधांवरूनच जातो असं नाही, मधली जागा ओलांडून उडीही मारतो. लाटा एकमेकींना खोडतात त्या ऊर्जांच्या आसपास तर प्रवाह कड्यातल्या कड्यात गोल फिरतो, आणि हा गोल फिरणारा प्रवाह पलीकडे जाणाऱ्या निव्वळ प्रवाहाहून मोठाही असू शकतो. हे फुग्यांच्या चित्रात दिसेल? फुगे कड्यावरच्या अणूंवर निमूट बसलेले असतील, आणि वीज खाली भोवऱ्यासारखी फिरत असेल.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात, आणि हे मी माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना बजावून सांगते. चित्र छापायचं तर त्याखाली ऊर्जा लिहा, त्या चॅनेलचा आकडा लिहा, उरलेल्या मोठ्या चॅनेलचेही आकडे लिहा. लाट कुठल्या बाजूने आली ते लिहा आणि दुसऱ्या बाजूचं चित्र शेजारी ठेवा. फेज रंगात दाखवा, उंबरठा किती ठेवला ते सांगा. दोन आकडे सारखे असतील तर सुटी चित्रं छापू नका. टोकं आवर्ती असतील तर हे एकाच तरंगसदिशाचं चित्र आहे की सगळ्यांची सरासरी, हे सांगा. आणि 'इथून जातो' असं वाक्य लिहायचं असेल तर आधी प्रवाह काढा. तो काढायला त्याच गणितातून मिळालेली माहिती पुरते, नवा खर्च फारसा नाही. खर्च आहे तो सुंदर चित्र हातचं जाण्याचा.

याहूनही एक सोपी कसोटी आहे. ज्या गटावर फुगा दिसतो तो गट संगणकात काढून टाका किंवा त्याची पातळी थोडी वरखाली करा, आणि आकडा हलतो का बघा. हलला तर बोला. नाही हलला तर फुगा कितीही मोठा असो, तोंड बंद ठेवा. संगणकावर हे करायला एक दुपार लागते. तेच प्रयोगशाळेत करायला एखाद्या मुलाचे आठ महिने लागतात.

यावर कुणीतरी म्हणेल की असले नियम लावले तर पेपर कंटाळवाणे होतील, परीक्षक चित्र मागतात, मुखपृष्ठावर चित्र लागतं. मागू देत. परीक्षकाने चित्र मागितलं तर त्याला दोन द्या, डावीकडचं आणि उजवीकडचं, आणि विचारा की साहेब, यातलं कुठलं छापू?

असो. बरंच लिहिलं, आणि नेहमीपेक्षा जरा कडक लिहिलं. माझ्याच क्षेत्रातले दोघं-तिघं इथे अधूनमधून डोकावतात हे मला ठाऊक आहे. त्यांना पटलं नसेल तर जरूर भांडा, मी तयार आहे, फक्त येताना फेज घेऊन या. आणि नातेवाईकांपैकी जे इथवर पोचले त्यांना पुढच्या भेटीत माझ्याकडून भजी. आत्याला डबल प्लेट.